लाल टेस्ट उशाला घेऊन झोपावं का?

ताई, नमस्कार.

मी पुण्यात एका कंपनीत जावा बॅकएंडवर काम करतो, साडेतीन वर्षं झाली. वर्षभरापूर्वी टीडीडी, म्हणजे टेस्ट-ड्रिव्हन डेव्हलपमेंट, शिकलो. टेस्ट म्हणजे कोड बरोबर चालतो का ते तपासणारा छोटा कोड. आधी पडणारी (लाल) टेस्ट लिहायची, मग ती पास (हिरवी) होईल एवढाच कोड, मग साफसफाई. पद्धत मनापासून आवडली. पण माझा दिवस बघा. साडेदहाला स्टँडअप. अकराला टेस्ट लिहायला घेतो तोवर सपोर्टचं तिकीट येतं. जेवणानंतर शेजारचा 'दोन मिनिटं आहेत का' म्हणत खुर्ची ओढतो. साडेसहाला क्लायंटचा कॉल. प्रत्येक वेळी टेस्ट अर्धी, लाल, आणि मी उठलेला. परत येतो तेव्हा स्वतःचाच कोड परक्याचा वाटतो.

काल मोजदाद केली. गिट या कोडच्या आवृत्त्या जपणाऱ्या साधनाच्या स्टॅशमध्ये, म्हणजे अर्धं काम बाजूला ठेवायच्या जागेत, ९ नोंदी, सगळ्यांचं नाव 'डब्ल्यूआयपी' (काम चालू). प्रोजेक्टमध्ये डिसेबल केलेल्या, म्हणजे चालवूच नका असं सांगितलेल्या, १४ टेस्ट, त्यातल्या ६ माझ्या. गेल्या आठवड्यात तर घाईत लाल टेस्ट मेनवर, म्हणजे सगळ्यांच्या सामायिक कोडमध्ये, पुश झाली (पाठवली गेली). बिल्ड (सगळा कोड जुळवून तपासणं) पडला, दोन टीम दुपारभर अडकल्या. लीड सगळ्यांदेखत म्हणाले, "यापुढे अर्धवट टेस्ट कॉमेंट करून टाकत जा, पण बिल्ड हिरवा ठेव." (कॉमेंट म्हणजे मशीननं वाचायचा नाही असा मजकूर.) घरी गेलो तरी डोक्यात तीच टेस्ट. बायको म्हणते, आमटीत मीठ बरोबर आहे का, हे तुला तिसऱ्यांदा विचारतेय.

तर दिवस संपताना टेस्ट लाल सोडावी की हिरवी? अर्धवट टेस्ट ठेवायची कुठे? आणि दर तासाला उठवल्या जाणाऱ्या माणसानं टीडीडीच्या वाटेला जावंच का?

— अर्धवट, बाणेर

प्रिय अर्धवट,

ताई म्हणालास, म्हणून अरे-तुरे करते.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देऊन टाकते: तुझ्या मशीनवर लाल, मेनवर हिरवी. यात माझी हुशारी काही नाही. टीडीडी रूढ करणाऱ्या केंट बेक यांचं 'टेस्ट-ड्रिव्हन डेव्हलपमेंट: बाय एक्झाम्पल' हे पुस्तक २००२ साली आलं, त्यात हे दोन्ही सल्ले आहेत. एकट्यानं काम करत असाल तर शेवटची टेस्ट पडलेली ठेवून उठा, म्हणजे परत आल्यावर कुठून सुरू करायचं ते शोधावं लागत नाही. टीममध्ये असाल तर सगळ्या टेस्ट पास झाल्यावरच कोड आत टाका. पहिल्या युक्तीचं श्रेय ते रिचर्ड गॅब्रिएल यांना देतात. लिहिता लिहिता उठायचं तर वाक्य अर्ध्यावर सोडून उठावं, हे त्यांच्याकडून शिकल्याचं बेक सांगतात.

गंमत अशी की लोक यातला एकच सल्ला लक्षात ठेवतात आणि दुसरा लक्षात ठेवणाऱ्याशी भांडतात. पुस्तक आलं तेव्हा गिट नव्हतं, ते २००५चं. सीव्हीएस या गिटच्या आधीच्या साधनाच्या जमान्यात कमिट केलं (बदल नोंदवले) की कोड थेट सगळ्यांच्या सर्व्हरवर जायचा, त्यामुळे माणूस एकटा तरी असायचा नाहीतर टीममध्ये तरी. तू दिवसातून वीसदा एकटा असतोस आणि दोन-तीनदा टीममध्ये. पुश हा उंबरठा समज. उंबरठ्याच्या आत घरात काय पसारा आहे, हे कुणी विचारायला येत नाही.

मात्र लाल आणि लाल यांत फरक असतो, आणि तुझं सकाळचं परकेपण तिथूनच येतं असं मला वाटतं. एक लाल म्हणजे टेस्ट चालली, अपेक्षित आकडा आणि आलेला आकडा दोन्ही दिसले, आणि नेमकं तुला वाटलं होतं त्याच कारणानं ती पडली. दुसरी लाल म्हणजे कंपाइलच होत नाही (कोड चालवण्याजोगा बनतच नाही), कारण तू तीन फायलींमध्ये हात घालून उठलास. पहिली लाल सकाळी तुझ्याशी बोलते. दुसरी नुसतीच रडत बसते.

कंपाइल एरर मुद्दाम खूण म्हणून सोडणारे लोक आहेत, त्यांना मी नावं ठेवत नाही. ख्रिस पार्निन आणि स्पेन्सर रुगाबर या संशोधकांनी २०११ साली प्रोग्रामरांच्या कामातल्या खंडांवर एक अभ्यास छापला. ८६ प्रोग्रामरांची १०,००० सेशन त्यांनी तपासली, शिवाय ४१४ जणांना प्रश्न विचारले. परतल्यावर वाट सापडावी म्हणून जाणूनबुजून कोड मोडून ठेवणं हा त्यांना आढळलेला एक उपाय. मीही करायचे. एकदा अशीच खूण म्हणून एका क्लासमध्ये मराठीत एक शिवीवजा वाक्य, कोट्स न लावता, टाकून घरी गेले. दुसऱ्या दिवशी डेंग्यू. बारा दिवसांनी परतले तर वाक्य तिथंच होतं, पण ते कशाची खूण होतं हे मला काही केल्या आठवेना. शिवी आठवत होती, कारण नाही.

त्याच अभ्यासातली आणखी एक गोष्ट तुला दिलासा देईल. मेथड लिहिता लिहिता खंड पडला, तर परतल्यावर एका मिनिटाच्या आत पुन्हा टाइप करायला लागल्याची उदाहरणं फक्त १० टक्के होती. बाकीचे सगळे तुझ्यासारखेच इकडच्या तिकडच्या फायली उघडत, काय चाललं होतं ते हुडकत बसलेले. तेव्हा कोड परका वाटणं हा तुझ्या एकाग्रतेचा दोष नाही. काय *केलं* ते गिट डिफमध्ये, म्हणजे बदललेल्या ओळींच्या यादीत, दिसतं. काय *करणार होतो* ते कुठंच नसतं, ते फक्त डोक्यात असतं, आणि सपोर्टचं तिकीट पहिल्यांदा तेच पुसून टाकतं.

म्हणून शेजाऱ्यानं खुर्ची ओढली की त्याला म्हण, "एक मिनिट, एवढं लिहितो." कुणी नाही म्हणत नाही. त्या मिनिटात टेस्टच्या आत 'पुढे' असं लिहून एक ओळ टाक. इंग्रजी जुळवत बसू नकोस, मराठीत लिही, ती ओळ उद्या पुसायचीच आहे. समजा एसटीच्या भाड्याचा कोड लिहितोयस. 'सवलत लॉजिक करायचं' असं लिहिलंस तर ते न लिहिल्यासारखंच. 'पुढे: वयाची अट महिला सवलतीच्या आधी तपासायची, नाहीतर आजीला अर्धं तिकीट लागतंय' असं लिहिलंस तर आठ दिवसांनीही कळेल.

दुसरी सवय याच्याही आधीची. टेस्ट खालून वर लिहायला लाग: पहिल्यांदा असर्टची, म्हणजे उत्तर काय यायला हवं ते सांगणारी ओळ, मग त्याला लागणारं बाकीचं. आपण बहुतेक जण वरून लिहितो. आधी ऑब्जेक्ट तयार करा, मग डेटा भरा, मग मॉक (खऱ्या भागांच्या जागी नकली), आणि शेवटी काय तपासायचं ते. मध्ये कुणी उठवलं की मागं उरतो तो निव्वळ मांडव, लग्न कुणाचं ते कळत नाही. असर्ट आधी लिहिली असेल तर टेस्ट कितीही अर्धी राहो, तिला काय हवंय ते तिच्या पोटात असतं.

आता ते आजीचं तिकीट कुठून आलं, तर एसटीच्या सवलती मी शिकवताना नेहमी घेते. सगळ्यांना माहीत असतात आणि सगळे चुकतात. ७५ वर्षांवरच्यांना २०२२ पासून प्रवास मोफत. २०२३ पासून महिलांना अर्धं भाडं. ६५ ते ७५ या वयाला अर्धं, ५ ते १२ वर्षांच्या मुलांना अर्धं. हे कोडमध्ये उतरवायचं असेल तर पहिली टेस्ट लिहिण्याआधी मी कागदावर यादी करते. साधा प्रवासी, पूर्ण भाडं. चाळिशीतली बाई, अर्धं. ऐंशीच्या आजी: अर्धं नाही, शून्य. सत्तरीतली बाई: दोन अर्ध्या सवलती मिळून शून्य होत नाही! पाच वर्षं पूर्ण झालेली मुलगी. आज ज्याचा पंचाहत्तरावा वाढदिवस आहे तो. कोल्हापूरहून पणजीला जाणारी आजी, कारण सवलत राज्याच्या हद्दीपर्यंतच. आणि अर्ध्या भाड्यात पन्नास पैसे आले तर?

रांगोळीचे ठिपके आधी काढतात ते याचसाठी. ठिपके पडले की दारात पोस्टमन येवो, दूध उतू जावो, बाई उठून परत आली तरी कुठली रेघ कुठं जोडायची ते जमिनीवरच असतं. घरातली दुसरी कुणी येऊनही चार रेघा ओढून जाते. तू, माझा अंदाज, ठिपके डोक्यात ठेवून थेट रेघा ओढतोस. बेक यांच्या पुस्तकात टेस्टची यादी हा टीडीडीचाच भाग आहे, पण शिकवताना लोक 'लाल, हिरवी, साफसफाई' एवढंच सांगतात, आणि यादी गाळली जाते. माझ्या मते खंड सोसायची टीडीडीची निम्मी ताकद त्या यादीत आहे. यादी कागदावर ठेव. फाईलमध्ये ठेवलीस की तीही कमिट करायची की नाही, हा नवा घोळ सुरू होतो.

या यादीकडे पाहिलं की घासाचा आकारही दिसतो. चाळिशीतल्या बाईची टेस्ट लाल झाली की पाच मिनिटांत हिरवी होते. कोल्हापूर-पणजी थेट हातात घेतलीस तर मार्ग, टप्पे, हद्द, दोन भाडी, सगळं एकदम पानात. दोन तास लाल. तुला तासाला एकदा उठवतात म्हणालास ना? मग दोन तास लाल राहणारी टेस्ट हमखास लाल असतानाच सापडणार, यात नशिबाचा काही संबंध नाही. तिचे तुकडे कर: आधी 'टप्पा राज्याच्या आत आहे का' एवढंच. मी स्वतःशी दहा मिनिटांची मर्यादा ठेवते. दहा मिनिटांत हिरवी झाली नाही तर कोड मागं घेते, टेस्ट पुसते, आणि त्याहून छोटी लिहिते. लिहिलेला कोड फेकायला जिवावर येतं, मान्य आहे. केंट बेक यांनी २०१८मध्ये याचं एक टोक मांडलं: टेस्ट पास झाल्या तर आपोआप कमिट, पडल्या तर तुम्ही लिहिलेला कोड आपोआप साफ. एक आठवडा एखाद्या घरगुती प्रोजेक्टवर करून बघ. ऑफिसात नको, लीडना हृदयविकाराचा झटका येईल.

आता तो स्टॅशचा ढीग. त्या नऊ नोंदींना 'डब्ल्यूआयपी' हे नाव तू दिलेलंच नाहीस, संदेश न देता स्टॅश केलं की गिट स्वतःच तसं लिहितं. म्हणजे नऊ वेळा तू नाव द्यायलाही थांबला नाहीस. स्टॅश ही पाच मिनिटं सामान टेकवायची जागा आहे, आपण तिचा माळा करतो. टेस्ट आधी लिहिणाऱ्याला तर तिथं खास एक खड्डा आहे. नुसतं गिट स्टॅश केलं तर गिटला माहीत नसलेल्या नव्या फायली आत जात नाहीत. आणि टीडीडीत नवी फाईल बहुतेक वेळा कुठली असते? टेस्टची. तू स्टॅश करतोस, सपोर्टच्या ब्रांचवर (कोडच्या वेगळ्या फांदीवर) जातोस, तर तुझी नवी टेस्ट मागं लटकत राहिलेली, तिला लागणारे जुन्या क्लासमधले बदल मात्र स्टॅशमध्ये गेलेले. कंपाइल होत नाही. मग 'हे काय झालं' म्हणत वीस मिनिटं. करायचंच असेल तर मायनस यू लावून कर, म्हणजे नव्या फायलीही उचलल्या जातात, आणि संदेश दे.

पण माझं ऐकशील तर सपोर्टच्या तिकिटासाठी वर्कट्री वापर. गिटच्या २.५ आवृत्तीपासून, म्हणजे २०१५ पासून ती सोय आहे. एकाच रिपॉझिटरीची दुसरी ब्रांच दुसऱ्या फोल्डरमध्ये उघडते. 'सपोर्ट' नावाचं फोल्डर एकदा करून ठेव. तिकीट आलं की आयडीईची (कोड लिहायच्या अ‍ॅपची) दुसरी खिडकी, दुसरं फोल्डर. तुझी लाल टेस्ट, उघड्या फायली, कर्सर, सगळं जिथल्या तिथं. एका ओट्यावर पोळीची कणीक अर्धी मळलेली असताना तिथंच मासे कापायला घेऊ नयेत, एवढंच तत्त्व.

दिवस संपताना मात्र वर्कट्रीनं भागत नाही, लॅपटॉपचा काय भरवसा. तेव्हा स्वतःच्या ब्रांचवर कमिट कर, संदेशात 'लाल:' असं सुरुवातीला लिहून ती 'पुढे'वाली ओळच टाक, आणि ती ब्रांच पुश कर. उंबरठा म्हणाले होते तो मेनचा, तुझ्या नावाची ब्रांच म्हणजे घराची मागची खोली. सकाळी एक पाऊल मागं घेणारा सॉफ्ट रीसेट मारलास की कमिट सुटतं आणि बदल हातात येतात. मेनमध्ये मर्ज करण्याआधी असे सगळे लाल कमिट एकत्र वळून टाक, हे विसरू नकोस. नाहीतर सहा महिन्यांनी कुणीतरी बग कुठून शिरला ते, जुने कमिट तपासत जाणाऱ्या बायसेक्टनं शोधायला बसेल, आणि गिट त्याला तुझ्या प्रत्येक अपुऱ्या संध्याकाळी थांबवत नेईल.

आता त्या सहा डिसेबल्ड टेस्ट. इथं तुझ्या टोपणनावाबद्दल बोलायला हवं. तू 'अर्धवट' हा एकच शब्द सगळ्यांना लावतोयस, पण मला खात्री आहे की त्या सहाजणी एका जातीच्या नाहीत. एक-दोन खरोखर कुणी उठवल्यामुळे राहिल्या असतील. त्या अर्ध्या तासात पूर्ण होतील, नाहीतर लक्षात येईल की ते काम दुसऱ्या टेस्टनं कधीच झालंय, मग सरळ पुसून टाक. एक-दोन घास मोठा घेतल्यामुळे राहिल्या असतील. त्याही पूस, त्यांचे तुकडे यादीत लिही. आणि उरलेल्यांमध्ये, पैज लावते, असर्टची ओळच नसेल. ती लिहायला गेलास तेव्हा कळलं की अपेक्षित आकडा तुलाच माहीत नाही.

पन्नास पैशांची टेस्ट आठव. भाडं ३५ रुपये, अर्धं म्हणजे साडेसतरा. वर जायचं की खाली? हे मी ठरवायचं नाही, तू ठरवायचं नाही, ते नियम करणाऱ्यानं सांगायचं. ज्या टेस्टचं उत्तर ऑफिसात कुणालाच माहीत नाही ती लिहिताना हात जड होतो, आणि मग शेजारचा 'दोन मिनिटं' म्हणाला की आपण फार आनंदानं उठतो. खोटं सांगू नकोस, असं होतं ना? माझं तर होतं. अशा टेस्टला डिसेबल करून ठेवणं म्हणजे प्रश्न गाडून टाकणं. तिच्यातून प्रश्न बाहेर काढ, क्लायंटला साडेसहाच्या कॉलमध्ये विचार. रोज ज्या कॉलवर चिडतोस त्याचा एकदा तरी उपयोग होऊ दे.

डिसेबल केल्याशिवाय गत्यंतरच नसेल, समजा दुसऱ्या टीमचा सर्व्हिस अजून आलाच नाही, तर कारण लिहिल्याशिवाय करायचं नाही. जेयुनिट हे जावाच्या टेस्ट चालवणारं साधन, त्याच्या डिसेबल्ड अ‍ॅनोटेशनमध्ये कारण लिहायला जागा दिलेली आहे, तिथं तिकीट नंबर टाक. त्याहून चांगली सोय इतर भाषावाल्यांकडे आहे. रुबीच्या आरस्पेकमध्ये पेंडिंग ठेवलेली टेस्ट गुपचूप पडून राहत नाही. ती चालवली जाते, आणि एक दिवस अचानक पास झाली तर आरस्पेक तीच चूक म्हणून दाखवतं, म्हणजे 'अहो, मला आता जागं करा'. पायथनच्या पायटेस्टमध्ये एक्सफेल स्ट्रिक्ट लावून तेच होतं. जावास्क्रिप्टच्या जेस्टमध्ये टुडू आहे, टेस्टचं नुसतं नाव लिहून ठेवायचं, ती रिपोर्टात 'बाकी' म्हणून मोजली जाते. तुला जावात हे हवं असेल तर जेयुनिट पायोनिअर हे एक्स्टेंशन बघ, त्यात 'पडणं अपेक्षित आहे' असं सांगणारं अ‍ॅनोटेशन आहे, आणि अमुक तारखेपर्यंतच डिसेबल ठेवणारंही. तारीख उलटली की टेस्ट आपोआप उठून बसते.

सगळ्यात वाईट प्रकार मी अजून सांगितलेला नाही, आणि तू केलेला नाहीस अशी आशा आहे. 'नंतर भरू' म्हणून टेस्टचं नाव लिहायचं आणि आत काहीच नाही. जेयुनिटमध्ये रिकामी टेस्ट पास होते. हिरवी! 'हद्दीपलीकडे सवलत लागू नये' असं नाव, हिरवी टिक, आणि आत शून्य. डिसेबल केलेली निदान रिपोर्टात दिसते तरी. ही तर पाया पडून खिसा कापते. टेस्टचं नाव लिहिल्याक्षणी आत 'फेल' आणि 'अजून लिहायची आहे' एवढं टाकल्याशिवाय कीबोर्डवरून हात काढायचा नाही.

कॉमेंट करून टाक हा तुझ्या लीडचा सल्लाही याच्याच जवळ जातो. कॉमेंट केलेली टेस्ट रिपोर्टात येत नाही, कंपाइलही होत नाही. क्लासचं नाव बदललं तरी तिला पत्ता नसतो, आणि सहा महिन्यांनी ती उघडणाऱ्याला तिच्यातलं एक अक्षर लागत नाही. पण रागावण्याआधी हेही बघ, ते निम्मे बरोबर आहेत. लाल टेस्ट मेनवर गेली ती तुझ्या हातून, आणि दोन टीमची दुपार त्यात गेली. चारचौघांत बोलायला नको होतं, ते खरं. तू त्यांच्याकडे जाताना तक्रार घेऊन जाऊ नकोस, मेनवर पुश करण्याआधी टेस्ट आपोआप चालवणारा हुक लावून जा. प्री-पुश हुक, आठ-दहा ओळींचं काम. सगळ्या टेस्टना पाऊण तास लागत असेल तर फक्त वेगवान युनिट टेस्ट त्यात घाल, नाहीतर दोन दिवसांत स्वतःच तो हुक टाळायला लागशील. मग म्हण, "लाल आता मेनवर पुश होणारच नाही. कॉमेंट करण्याऐवजी कारण लिहून डिसेबल करू, आणि दर शुक्रवारी किती डिसेबल आहेत ते मी सांगेन." चौदा हा आकडा तुझ्याकडे आहेच, आणि त्यातल्या आठ इतरांच्या आहेत हेही तू न बोलता सगळ्यांना कळेल.

घराचं बोलू. अर्धवट काम डोक्यात घोळत राहतं यावर मानसशास्त्रज्ञ ब्लुमा झायगार्निक यांनी बर्लिनमध्ये प्रयोग केले, ते १९२७ साली छापले गेले. अपूर्ण कामं पूर्ण कामांपेक्षा जास्त आठवतात, असं त्यांना दिसलं. नंतरच्या लोकांना दरवेळी तसं दिसलं नाही, म्हणून त्या आठवणीच्या भरवशावर राहू नये असं मी म्हणते. माझा अनुभव असा की रात्री जे आठवतं ते 'काहीतरी राहिलंय' एवढंच. काय राहिलंय ते नेमकं आठवत नाही, नुसती खाज. तुझ्या कामाचा प्रयोग पुढचा आहे. मासिकाम्पो आणि बाउमाइस्टर या दोन मानसशास्त्रज्ञांनी २०११ साली दाखवलं की राहिलेलं काम पूर्ण न करताही, ते कधी आणि कसं करायचं याचा ठोस बेत केला तरी मन त्याच्यामागे धावणं सोडतं. 'पुढे' ही ओळ आणि ती कागदावरची यादी म्हणजे तोच बेत. आमटीला त्याचा उपयोग होईल.

शुक्रवारी मात्र मी लाल सोडत नाही. हे कुठल्या पुस्तकात वाचलेलं नाही, माझं मत आहे. सोम ते गुरू रात्र छोटी असते, धागा टिकतो. शनिवार-रविवारनंतर ती लाल टेस्ट मला हुरूप देत नाही, जाब विचारते. शुक्रवारी चारनंतर नवी टेस्ट उघडायचीच नाही, असलेली हिरवी करायची किंवा पुसायची, यादी लिहायची आणि उठायचं.

तिसरा प्रश्न, तुझ्यासारख्यानं हे करावंच का. जो माणूस सलग चार तास बसू शकतो त्याला टीडीडीवाचून एक वेळ चालेल, त्याचं सगळं डोक्यात मावतं आणि तिथं टिकतंही. तुझं टिकू देत नाहीत. तुझ्या डोक्यातलं बाहेर काढून मशीनवर ठेवणारी याहून सोपी रीत मला माहीत नाही. अपवाद एकच. काय बांधायचं हेच कळत नसेल, नवी लायब्ररी चाचपडत असशील, तर टेस्टच्या फंदात पडू नकोस. वेगळ्या ब्रांचवर वाट्टेल ते लिही आणि शिकून झालं की ब्रांच उडव. त्या कोडला टेस्ट नाही म्हणून अपराधी वाटून घेऊ नकोस. तो कोड राहणारच नाही.

आज साडेसहाच्या कॉलआधी अर्धा तास काढता आला तर त्या नऊ स्टॅश एकेक उघडून बघ. नावावरून काही कळणार नाही, डिफ बघावा लागेल. काय होतं ते पाच मिनिटांत लक्षात आलं तर ब्रांच करून यादीत एक ओळ टाक, नाही आलं तर उडव. सगळ्यात जुन्या नोंदीत काय निघालं ते मला कळव. माझ्या सगळ्यात जुन्या स्टॅशमध्ये एक प्रिंटलाइन निघाली होती: 'इथे आले'.